एररच्या पानामागचं यंत्र

कॉलेजची संगणक लॅब, सरकारी कचेरी किंवा जुना सायबर कॅफे, यांपैकी कुठेही इंटरनेट वापरलेल्या माणसानं ते पांढरं पान कधी ना कधी पाहिलेलं असतं. वर मोठ्या अक्षरांत 'एरर'. खाली 'द रिक्वेस्टेड यूआरएल कुड नॉट बी रिट्रीव्ह्ड'. मग कारणाची एक-दोन वाक्यं आणि शेवटी 'युअर कॅशे ॲडमिनिस्ट्रेटर इज वेबमास्टर'. अगदी तळाला बारीक अक्षरांत यंत्राचं नाव, आणि कंसात 'स्क्विड' व एक आकडा. साइट बंद पडली की आपलं नेट गेलं, एवढाच प्रश्न त्या वेळी डोक्यात असतो. हे पान आपल्याला पाठवलं कोणी, हे कोणी विचारत नाही.

ते पान त्या साइटचं नसतं आणि आपल्या ब्राउझरचंही नसतं. आपल्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये बसलेल्या एका यंत्राचं ते पत्र असतं. ऑक्टोबर २०२५मध्ये नेमक्या याच पानातला एक दोष जाहीर झाला. पानावरचा 'वेबमास्टर' हा शब्द म्हणजे एक दुवा असतो. त्यावर क्लिक केलं की ईमेलचा मसुदा उघडतो, आणि व्यवस्थापकाला बिघाड शोधायला सोपं जावं म्हणून त्यात ब्राउझरनं पाठवलेली विनंती आपोआप भरलेली असते. विनंतीच्या मथळ्यात पुष्कळदा लॉगिनची गुपितंही असतात. ती गाळून मग बाकीचा मजकूर द्यायला हवा होता. तसं होत नव्हतं. त्यामुळे ब्राउझर ज्या गोष्टी पानातल्या स्क्रिप्टपासून मुद्दाम लपवून ठेवतो, त्या या एररच्या पानातून तिच्या हाती लागू शकत होत्या. स्क्विडमध्ये लॉगिनची सोय लावलेली नसली तरी हा धोका होताच. दोषाला क्रमांक मिळाला सीव्हीई-२०२५-६२१६८ आणि गांभीर्य ठरलं दहापैकी दहा. दुरुस्ती ७.२ या आवृत्तीत आली. तोवर काय करायचं, तर मांडणीच्या फाइलीत 'ईमेल_एरर_डेटा' असा अर्थ सांगणारी एक ओळ 'ऑफ' करायची, एवढं साधं उत्तर होतं. ती ओळ किती ठिकाणी लिहिली गेली असेल? बुऱ्हाणपूर, खंडवा, भुसावळ, जळगाव या आमच्या पट्ट्यात असली यंत्रं चालवणाऱ्या संस्थांकडे पाहून मला त्याची खरोखर काळजी वाटते.

स्क्विड हे वेब-प्रॉक्सीचं मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९६मध्ये आली. अमेरिकेत 'हार्वेस्ट' नावाचा एक संशोधन-प्रकल्प होता. त्यातला कॅशेचा भाग पुढे नेऊन ड्वेन वेसेल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी ते घडवलं, आणि सुरुवातीला त्याला तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा पैसा होता. काम दोन प्रकारचं. संस्थेतल्या सगळ्या संगणकांच्या वतीनं बाहेरच्या साइटशी बोलायचं, ही प्रॉक्सीगिरी. आणि एकदा आणलेली वस्तू जवळ ठेवून पुढच्या माणसाला तीच द्यायची, हा कॅशे.

त्या काळात ही सोय केवढी मोलाची होती हे आज पटवून सांगावं लागतं. विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ला. त्यानंतर बरीच वर्षं लहान गावातल्या संस्थेला ६४ किलोबिटची लाइन मिळाली तरी ती चैन वाटे. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. त्या वेळी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये नव्हत्या. प्रत्येक पत्राचा स्वतःचा फॉन्ट, आणि तो उतरल्याशिवाय पान म्हणजे नुसती खिचडी. समजा फॉन्टची फाइल २०० किलोबाइटची आहे आणि लॅबमध्ये ४० संगणक आहेत. प्रत्येकानं ती स्वतंत्र आणली तर लाइन दुसरं काहीही न करता साडेसोळा मिनिटांहून जास्त वेळ त्यातच अडकणार. मध्ये स्क्विड असेल तर पहिल्याला २५ सेकंद थांबावं लागेल आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांना ती फाइल शेजारच्या खोलीतून, डोळ्याचं पातं लवायच्या आत मिळेल.

स्क्विडच्या नोंदवहीत हे सगळं ओळीनं दिसतं. 'ॲक्सेस लॉग' नावाच्या त्या फाइलीत प्रत्येक विनंतीची एक ओळ असते. आधी १ जानेवारी १९७०पासून मोजलेल्या सेकंदांत वेळ, मग काम पुरं व्हायला लागलेले मिलिसेकंद, मागणाऱ्या संगणकाचा पत्ता, मग निकाल, मग बाइट, आणि मग कुठलं पान मागितलं ते. निकालाच्या जागी 'टीसीपी मिस' असेल तर वस्तू बाहेरून आणली, 'टीसीपी हिट' असेल तर जवळचीच दिली. एखाद्या संध्याकाळी ही फाइल उघडून पाहा. 'मिस'च्या ओळीत हजारांत गेलेला आकडा 'हिट'च्या ओळीत एकेरीवर आलेला दिसतो. पण त्याच ओळी वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कोणत्या संगणकावरून किती वाजता काय उघडलं, हे सगळं इथं आहे. प्राचार्यांच्या खोलीतलंही, हिशेबनिसाच्या टेबलावरचंही. हे यंत्र संस्थेतल्या प्रत्येकाचं बोलणं ऐकतं, आणि प्रत्येकजण त्यानं दिलेलं उत्तर खरं मानतो.

म्हणून त्यातला दोष कुणा एकाचा राहत नाही. एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तर नुकसान बहुधा त्याचं. मधल्या यंत्रात घुसखोरी झाली तर मागच्या सगळ्यांचं.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला ही गोष्ट पाण्याच्या उदाहरणानं चटकन कळेल. १६१५च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानानं तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाकडून इथं भूमिगत पाणीयोजना करवून घेतली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुठेही न उपसता, निव्वळ उतारानं शहराकडे येतं. तापीच्या पाण्यात शत्रूनं विष कालवलं तर काय, या भीतीपोटी ही सोय झाली असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. या योजनेतल्या कुंडी भंडाऱ्याच्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. विहिरीच्या तोंडासारख्या या उभ्या वाटांनी आत हवा खेळते, पाणी काढता येतं आणि माणूस खाली उतरून गाळ काढू शकतो. पाणी सगळ्या शहराचं, म्हणून ते झाकलेलंही हवं आणि तपासता येईल असंही हवं, हे बांधणाऱ्यानं आधीच ठरवलं होतं. मार्च २०२४मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत या भंडाऱ्याचं नाव आलं. आतल्या भिंतींवर चुन्याचे थर चढून वाट अरुंद होत चालली आहे, ही तिथली आजची खरी अडचण. दगडी बांधकाम भक्कम आहे, पण देखभाल चुकली की पाणी आटतं.

कॅशेच्या बाबतीतही विषाची भीती अगदी खरी आहे. साठवलेली वस्तू भेसळीची निघाली तर पुढचा प्रत्येक मागणारा तीच घेऊन जाणार. २०१६ साली चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठाच्या जियानजुन चेन यांनी स्क्विडमधला असाच एक दोष दाखवला. वेबच्या विनंतीत साइटचं नाव दोन ठिकाणी येऊ शकतं, एकदा पूर्ण पत्त्यात आणि एकदा 'होस्ट' या मथळ्यात. दोन्ही नावं वेगळी असतील तर नियम सांगतो की पत्त्यातलं नाव धरा, मथळा सोडून द्या. स्क्विड तसं करत नव्हता. त्या फटीतून एखादी विनंती अशी रचता येई की हल्लेखोराच्या साइटवरचा मजकूर भलत्याच, विश्वासाच्या साइटच्या नावानं साठवला जाई. मग लॅबमधला पुढचा विद्यार्थी ती विश्वासाची साइट उघडायचा आणि त्याच्यासमोर हल्लेखोराचं पान यायचं. पत्ता बरोबर, पान खोटं. ३.५.१८ या आवृत्तीत ही फट बुजवली गेली.

दुसरा एक प्रकार मला अधिक चलाख वाटतो. एकाच तारेवरून विनंत्यांची रांग चाललेली असते. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे ओळखायच्या दोन पद्धती आहेत. एकीत लांबी आधीच सांगतात, दुसरीत मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो आणि शेवटी रिकामा तुकडा येतो. कुणी मुद्दाम दोन्ही खुणा एकाच विनंतीत घातल्या, आणि प्रॉक्सीनं एक मानली, पलीकडच्या सर्व्हरनं दुसरी, तर दोघांचा हिशेब चुकतो. प्रॉक्सीला जी एक विनंती वाटली, तिच्या पोटात दडलेली दुसरी सर्व्हरला दिसते. नियम तपासणाऱ्याच्या नाकाखालून ती निघून जाते. २००५ साली काही संशोधकांनी हा प्रकार पहिल्यांदा सविस्तर मांडला. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२०मध्ये, स्क्विडला ४.१३ ही आवृत्ती याच जातीच्या दोषांसाठी काढावी लागली. प्रोग्रॅमरचा हलगर्जीपणा म्हणून हे झटकून टाकता येत नाही. दोन यंत्रं एकच नियम दोन तऱ्हांनी वाचतात, आणि ज्या ठिकाणी त्यांचं वाचन फुटतं तिथून चोर शिरतो. मध्ये यंत्र आहे म्हटल्यावर हा धोका कायमचा आहे, आणि म्हणूनच दुरुस्त्याही कायम येत राहणार.

मधल्या यंत्रानं खोटं उत्तर दिलं तर केवढ्याला पडतं, याचं मराठी माणसाला आठवणारं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. त्या प्रकरणात स्क्विड नव्हता आणि वेबचा कॅशेही नव्हता, हे आधी स्पष्ट करतो. पण रचना ओळखीची आहे. एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती आधी बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच मुख्य बँकिंग प्रणालीला विचारतो की खात्यात पैसे आहेत का, आणि तिचं उत्तर परत पोचवतो. ऑगस्ट २०१८मध्ये हल्लेखोरांनी मालवेअरच्या आधारे एक खोटा, 'प्रॉक्सी' स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला काही विचारायचाच नाही. परस्पर 'हो' म्हणायचा. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांत व्हिसा कार्डांचे सुमारे १२ हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये गेले. भारतात रुपे कार्डांच्या २,८४९ व्यवहारांतून आणखी अडीच कोटी निघाले. १३ तारखेला स्विफ्टच्या मार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. मुख्य प्रणालीला कुणी विचारलंच नसल्यामुळे एटीएममधून गेलेले पैसे ग्राहकांच्या खात्यांतून वजा झाले नाहीत. ते गेले बँकेचे. मधला एकजण परस्पर बोलू लागला, आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नव्हता.

आता स्क्विडच्या दुरुस्त्या येतात कुठून, हे पाहू. इथं मला सर्वात जास्त सांगायचं आहे.

२०२१मध्ये जोशुआ रॉजर्स या सुरक्षा-संशोधकानं स्क्विडचा कोड बारकाईनं तपासला. काही भाग डोळ्यांनी वाचून, काही स्वयंचलित साधनांनी अक्षरशः लाखो वेड्यावाकड्या विनंत्या आदळून. त्याला ५५ दोष सापडले. त्यानं ते प्रकल्पाला कळवले आणि वाट पाहिली. अडीच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३मध्ये, त्यानं सगळी यादी जाहीर केली, तेव्हा त्यातले ३५ अजून दुरुस्त झालेले नव्हते. त्यानं प्रकल्पाला दोष दिला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माणसं मदतीला तत्पर होती, पण त्यांच्याकडे हात कमी होते, असंच त्यानं लिहिलं. जगभरची विद्यापीठं, कंपन्या आणि सेवादाते ज्याच्यावर विसंबून आहेत त्या सॉफ्टवेअरमागे कोणी मोठी कंपनी नाही. मोजकी माणसं आहेत, आणि त्यांतली कित्येक स्वतःच्या वेळात काम करतात. आपण हे सॉफ्टवेअर फुकट वापरतो. त्यामागे राबणाऱ्यांची संख्या किती थोडी आहे, याचा विचार आपल्या मनात येत नाही, आणि तो यायला हवा.

त्याच महिन्यात ६.४ ही आवृत्ती निघाली. तिनं बुजवलेल्या दोषांपैकी एक फार गंभीर होता. 'डायजेस्ट' पद्धतीची लॉगिन-सोय लावलेल्या स्क्विडमध्ये बाहेरचा माणूस यंत्राच्या स्मृतीत, नको त्या जागी, २ मेगाबाइटपर्यंत हवा तो मजकूर लिहू शकत होता. हा दोष ३.२ मालिकेपासून, म्हणजे दशकाहून जास्त काळ, तिथंच पडून होता. हजारो डोळ्यांसमोर उघडा असलेला कोडही कुणी मुद्दाम बसून वाचल्याशिवाय वाचला जात नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये पीएफसेन्स या प्रसिद्ध फायरवॉलच्या निर्मात्यांनी तर या न सुटलेल्या दोषांमुळे आपल्याकडची स्क्विडची जोडणी मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या पुष्कळ संस्थांत स्क्विड असाच, कुठल्यातरी फायरवॉलच्या डब्यात न दिसता बसलेला असतो. 'आम्ही स्क्विड वापरत नाही' असं म्हणणाऱ्यानं आधी डबा उघडून पाहावा.

काही वेळा दुरुस्ती म्हणजे कापून टाकणं. १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठात 'गोफर' नावाची एक पद्धत निघाली होती. वेब सर्वत्र पसरण्याआधी मजकूर शोधायची ती सोय. वेबनं तिला केव्हाच मागं टाकलं, पण स्क्विडमध्ये तिची जागा तशीच होती, आणि तिच्यातल्या एका चुकीनं अख्खा प्रॉक्सी कोसळवता येत होता. सहाव्या मालिकेत ती काढूनच टाकली. पानं तुकड्यातुकड्यांनी जोडणाऱ्या ईएसआय या सोयीचं असंच झालं. तिच्यातल्या दोषांवर तोडगा म्हणून ६.१०पासून ती मुळातच बंद ठेवलेली मिळते. हे मला शहाणपणाचं वाटतं. न लागणारी खोली कुलपात ठेवण्यापेक्षा पाडून टाकलेली बरी.

स्क्विडच्या मंडळींनी दुरुस्ती केली म्हणजे ती आपल्या यंत्रात आली असं नव्हे. मध्ये आणखी एक टप्पा असतो. आपल्याकडे स्क्विड येतो तो डेबियन, उबुंटू किंवा रेड हॅटच्या वंशातल्या एखाद्या लिनक्समधून. या मंडळींचे सुरक्षा-गट नवी आवृत्ती जशीच्या तशी देत नाहीत. ते नव्या आवृत्तीतली तेवढी दुरुस्ती काढून जुन्या आवृत्तीत बसवतात, म्हणजे आपली मांडणी बिघडत नाही. याचा एक परिणाम ध्यानात ठेवायला हवा. यंत्र आवृत्ती ४.१० सांगत असेल, तरी त्यात पुढच्या कित्येक दुरुस्त्या आलेल्या असू शकतात. आकडा जुना दिसला म्हणून घाबरायचं नाही, आणि नवा दिसला म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. पॅकेजच्या पूर्ण क्रमांकाचा शेवटचा भाग पाहायचा, आणि त्या पॅकेजची बदल-नोंद वाचायची. तिथं सीव्हीई क्रमांक स्पष्ट लिहिलेले असतात.

ही सोय मात्र त्या लिनक्सला आधार असेपर्यंतच. सेंटओएस ६चा आधार ३० नोव्हेंबर २०२०ला संपला, सेंटओएस ७चा ३० जून २०२४ला. सेंटओएस ७मधला स्क्विड ३.५.२० होता. अशा यंत्रावर अपडेटची आज्ञा दिली तर ते 'करण्यासारखं काही नाही' अशा अर्थाचं उत्तर देतं किंवा पत्ताच सापडत नाही म्हणतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. ठीक काहीच नसतं. दुरुस्त्या येणंच थांबलेलं असतं.

लहान गावातलं खरं दुखणं इथं आहे. यंत्र बसवणारा कुणी हुशार मुलगा असतो, तो केव्हाच इंदूरला किंवा पुण्याला नोकरीला गेलेला असतो. पासवर्ड एका डायरीत, डायरी कपाटात. यंत्र कोपऱ्यात धूळ खात, पण इमानेइतबारे चालू. मग अपडेटचं नाव काढलं की एकच उत्तर येतं, 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' या उत्तरामागची भीती मी समजू शकतो. अपडेटनंतर नेट बंद पडलं तर सगळे त्या एकट्यावर ओरडणार, आणि न केलेल्या अपडेटबद्दल त्याला कुणी काही विचारणार नाही. म्हणून दोष त्या ऑपरेटरचा मानू नये. संस्थेनं लेखी स्वरूपात कुणाला तरी ही जबाबदारी द्यायला हवी, त्यासाठी महिन्यातला एक रविवार सकाळचा वेळ द्यायला हवा, आणि त्या वेळात नेट बंद राहील हे सगळ्यांना आधी कळवायला हवं. पैसा यात जवळजवळ लागत नाही.

प्रत्यक्ष काम तसं थोडं आहे. आधी मांडणीच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, कारण अडवलेल्या साइटच्या याद्या आणि कुणाला परवानगी याचे नियम वर्षानुवर्षं त्यातच साठलेले असतात. डेबियन-उबुंटूत अपडेट करताना मध्येच यंत्र विचारतं, तुमची बदललेली फाइल ठेवू की नवी घालू? घाईत 'नवी' म्हणणाऱ्याचे सगळे नियम पुसले जातात. काहीही न लिहिता एंटर दाबलं तर जुनी फाइल राहते, तेच करायचं. मग स्क्विडला मांडणी फक्त वाचून तपासायला सांगायची, त्यासाठी 'पार्स' अशी आज्ञा आहे. ती जुन्या, रद्द झालेल्या ओळी दाखवून देते. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू करायची. इथं बहुतेकजण दचकतात. स्क्विड लगेच बंद होत नाही. चालू असलेली कामं संपावीत म्हणून तो मुळात ३० सेकंद थांबतो. पडद्यावर काहीच हलत नाही, लॅबमधून ओरडा सुरू होतो, आणि घाबरून कुणीतरी मशीनचं बटण दाबतं. अर्धा मिनिट हात मागे ठेवले तर काही होत नाही.

तेवढ्या वेळात आणखी एक तपासणी करून घ्यावी. स्क्विड सहसा ३१२८ या पोर्टवर ऐकतो. ते पोर्ट संस्थेच्या आतल्या जाळ्यापुरतंच उघडं असावं, आणि नियमांच्या शेवटी 'बाकी सगळ्यांना नाही' ही ओळ असावी. ही ओळ गळली की जगातला कुणीही आपल्या यंत्रामागे लपून दुसऱ्याला त्रास देऊ शकतो, आणि पोलिसांच्या नोंदीत पत्ता आपल्या संस्थेचा येतो. एररच्या पानाच्या तळाशी आवृत्ती दाखवणारी ओळ लपवायचीही सोय आहे. ती करायला हरकत नाही, पण आकडा लपवल्यानं भोक बुजत नाही.

भारतात या सगळ्यावर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा म्हणजे २००४पासून काम करणारी सर्ट-इन. सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या सूचना ती नियमित काढते आणि त्या कुणालाही वाचता येतात. २८ एप्रिल २०२२च्या तिच्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. प्रॉक्सीची नोंदवही त्यातच आली. जिथं डिस्क भरली म्हणून दर आठवड्याला ती फाइल पुसली जाते, तिथं घुसखोरी झाली तरी ती कशी झाली हे कळायला काही उरत नाही.

शेवटी एक प्रश्न प्रत्येक संस्थेनं स्वतःला विचारावा, की हे यंत्र आता हवंच आहे का? आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं. मधला स्क्विड फक्त 'अमुक साइटपर्यंत वाट करून दे' एवढी विनंती पाहतो आणि आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. जे दिसत नाही ते साठवता येत नाही. म्हणून नोंदवहीत आता 'हिट' क्वचितच दिसतं. काही ठिकाणी हे कुलूप उघडण्यासाठी प्रत्येक संगणकावर संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र बसवतात. माझ्या मते लहान संस्थेनं त्या वाटेला जाऊ नये. त्यामुळे प्रॉक्सीच्या हाती प्रत्येकाची बँक आणि ईमेल उघडी पडतात, आणि मग ते यंत्र सांभाळायला कुशल माणूस पूर्ण वेळ हवा. फक्त काही साइट अडवायच्या असतील, तर ते काम डीएनएसच्या पातळीवरही भागतं.

नोंदवहीतल्या एका महिन्याच्या 'हिट' मोजल्या की निर्णय घेता येतो. यंत्र ठेवायचं ठरलं, तर आधार चालू असलेल्या लिनक्सवर नव्यानं बसवावं आणि सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप लागण्याची सोय चालू करावी. काढायचं ठरलं, तर आधी प्रत्येक संगणकाच्या ब्राउझरमधला प्रॉक्सीचा पत्ता पुसावा लागतो, नाहीतर सेवा बंद करताच सगळ्यांचं नेट जातं. आणि सेवा नुसती थांबवून भागत नाही, सुरू होताना ती आपोआप उठू नये अशी आज्ञा वेगळी द्यावी लागते. तसं केलं नाही, तर वीज जाऊन परत आली की जुना स्क्विड, जुन्या दोषांसकट, पुन्हा ३१२८वर ऐकायला बसलेला असतो.